कयाकवरून जिवंत आमिषाने गरवणं : पुण्याहून कोकणात जाणाऱ्यांसाठी

मतलई (धागा सुरू)

जिवंत आमिषावर कयाकमधून गरवायचं (गरीने मासे पकडायचे) तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आमिष शेवटपर्यंत तरतरीत राहिलं पाहिजे, आणि वारा फिरायच्या आत आपण वाळूला लागलो पाहिजे. रॉड आणि रीळ यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे या दोन गोष्टींवर जास्त लिहितो. डोळ्यांसमोर ताम्हिणीतून माणगावमार्गे उतरून दिवेआगर, भरडखोल, श्रीवर्धन हा पट्टा आहे. खडकाळ नाकाडांच्या आडोशाला आणि खाड्यांच्या तोंडाशी जिताडा, तांब, गोबरा, कोकर आणि कधी रावस, ही इथली अपेक्षा.

आधी वेळ. पंचांगातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला ८ × पाऊण = ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून बघा.

कयाकसाठी दशमी ते द्वादशी सर्वांत सोयीची. भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उजाडताना पाणी चढतं असतं, भांग (अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी) नुकताच सरलेला असल्यामुळे पाण्याची ओढ बेताची असते. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, नेमकं उलटं होतं. पहाटे सुकती (पूर्ण ओहोटी) असते, सपाट पुळणीवर पाणी लांब गेलेलं असतं, तीस किलोची कयाक आणि पाण्याची बादली ओढत न्यावी लागते, आणि खाडीच्या तोंडाशी पाणी नदीसारखं धावतं.

आता वारा. ऑक्टोबर ते मे या काळात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नवखा माणूस इथेच फसतो, कारण जाताना कयाक आपसूक पुढे जाते आणि आपण फार छान वल्हवतोय असं वाटतं. परतताना तोच वारा तोंडावर. मग मधे थोडा वेळ सगळं पडतं आणि नंतर वायव्येचा खारा वारा सुरू होतो. हिवाळ्यात बाराच्या आसपास, मार्चनंतर अकराच्याही आधी. तासाभरात पाण्यावर पांढरे फेस दिसू लागतात. म्हणून किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत राहायचं आणि दहाला गरी वर घ्यायची, मासा लागत असला तरी. पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून समुद्र निवेपर्यंत, कयाक घरात. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक बोटींना आहे हे खरं, पण त्या लाटा कयाकच्या नाहीतच.

---

पागकरी

उत्तम सुरुवात. आमिष पकडण्याचं मी लिहितो.

सगळ्यांत भरवशाचं आमिष म्हणजे चार ते पाच इंची बोय. चढत्या पाण्याबरोबर बोयचे थवे अगदी काठाला, गुडघाभर पाण्यात येतात. सहा फुटी पाग (फेकायचं गोल जाळं), आस (जाळ्याचं भोक) दहा-बारा मिलिमीटर. आस मोठी असेल तर पिल्लं डोक्याने अडकतात, कल्ले दुखावतात आणि ती अर्ध्या तासात उलटी होतात. पाग काठावरूनच मारायचा, कयाकवरून नाही. उभं राहून फेकताना तोल जातो, आणि शिशांची कड खडकात अडकली तर जाळं कयाकला एका बाजूला ओढतं.

जाळं वर घेतलं की वाळूवर झटकू नका. बादलीत पाणी भरून शेजारी ठेवा, जाळ्याचा घोळ बादलीच्या वर आणा आणि आतच सोडा. मासा हातात घ्यायचाच असेल तर हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करा. कोरड्या तळव्याला जो चिकट थर लागतो ते त्याचं कातडीवरचं संरक्षण. तो गेला, चार खवले उडाले, की वरून धडधाकट दिसणारा मासा तासाभरात मरतो. दहा-बारा बोय पुरतात. पंचवीस भरलेत तर पंचवीसही मरतील.

बोय नाही मिळाली तर जिवंत कोळंबी. तारली आणि बांगड्याची पिल्लं सबिकीवर (एका दोऱ्यावरची छोट्या गऱ्यांची माळ) मिळतात, पण तारली फार नाजूक. पकडली की लगेच गरीला लावायची, बादलीत साठवायच्या भानगडीत पडू नका.

---

निवांत_नऱ्हे

मतलईदादा, पागकरी, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. बादलीला बॅटरीचा एअरेटर (पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप) लावूनही बोय वीस-पंचवीस मिनिटांत वर येऊन तोंड उघडझाप करायला लागते. वीस लिटरची काळी बादली आहे, झाकण घट्ट, आत अंदाजे अठरा मासे. एअरेटर नवा आहे. कुठे चुकतंय?

---

खाडीकाठ

तुमच्या वर्णनातच तीन कारणं आहेत.

मासे जास्त आहेत. पाच इंची बोयला किमान दीड लिटर पाणी धरा. वीस लिटरच्या बादलीत कयाकवर पंधरा लिटरच भरता येतं, नाहीतर हिंदकळून मांडीवर येतं. म्हणजे दहा मासे.

बादली काळी आहे. उन्हात पाणी तापतं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वर गरम पाण्यात माशाला तो लागतो जास्त. दोन्हीकडून मार. पांढरी बादली घ्या, तिच्यावर ओला पंचा गुंडाळा. अर्धा लिटरची पाण्याची बाटली घरी गोठवून आणा आणि बंद बाटलीच आत तरंगत ठेवा. सुटा बर्फ टाकू नका, तो वितळला की गोडं आणि क्लोरीनचं पाणी आत जातं. एकदम गारही करायचं नाही, समुद्राच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंश कमी एवढंच.

झाकण घट्ट आहे. एअरेटर आतलीच हवा फिरवत राहतो. झाकणाला बोटभर जाडीची पाच-सहा भोकं पाडा.

आणि एअरेटर चालू आहे म्हणून पाणी तेच ठेवायचं नसतं. दर वीस मिनिटांनी एक तृतीयांश काढून ताजं घाला. पृष्ठभागावर न फुटणारा फेस जमला तर तो चिकटा आणि अमोनिया, तेव्हा अर्धं पाणी बदला. वर येऊन तोंड मारणं म्हणजे प्राणवायू कमी. कोपऱ्यात आडवं पडणं म्हणजे बहुधा तापलंय. नाकाड लाल झालेलं दिसलं तर भांडं चौकोनी आहे, मासे कोपऱ्यांवर आपटतायत. गोल भांड्यात हे होत नाही.

---

निवांत_नऱ्हे

अगदी नेमकं. धन्यवाद खाडीकाठ. बॅटरीचा हिशेबही सांगाल का?

---

खाडीकाठ

यूएसबीवर चालणारा छोटा एअरेटर साधारण एक वॅट घेतो. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात, म्हणजे नुकसान धरूनही रात्रभर चालेल. कयाकला हेच योग्य. बारा व्होल्टचा पाणी फिरवणारा पंप दोन अँपिअर ओढतो. सात एएचची सीलबंद बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर दोन तासही धड नाहीत, आणि दोन-अडीच किलो वजन वेगळं. पॉवर बँक कोरड्या पिशवीत ठेवा, नळी तेवढी बाहेर. नळीला एकदिशा व्हॉल्व्ह लावा. तो नसेल तर एअरेटर बंद पडल्यावर पाणी उलटं नळीतून यंत्रात शिरतं.

---

वल्हवती

बादलीच्या वजनाकडे दुर्लक्ष होतंय. पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो, तेही हलणारे. कयाकची क्षमता १५० किलो लिहिली असेल तर १०५ च्या वर जाऊ नका. माणूस ७५, सामान १५, बादली १७, इथेच १०७ झाले. दहा फुटी अरुंद कयाक असेल तर दहा लिटरची बादली आणि सहा मासे. बादली सीटच्या मागे, बरोब्बर मध्यरेषेवर, दोन बंजी दोऱ्यांनी आवळून. बाजूला चार इंच सरकली तरी लाट आडवी आल्यावर जाणवते.

मी तर म्हणेन नांगरून बसणार असाल तर नळीच वापरा. चार इंची पीव्हीसी पाइप, अठरा इंच लांब. एका टोकाला चिकटवलेली टोपी, दुसऱ्याला आट्याची क्लीनिंग कॅप. आठ मिलिमीटरची भोकं दीड-दीड इंचावर, पण पुढचा एक तृतीयांश भाग कोरा सोडायचा. पुढे भोकं असली की वल्हवताना पाण्याचा झोत सरळ माशांवर येतो आणि ते मागच्या टोपीवर चिकटून दमतात. आतून भोकांची धार कानसने घासा, नाहीतर खवले निघतात. वरून फोमचा तुकडा बांधला की नळी तरंगते. पाच-सहा बोय आत आरामात राहतात, पाणी बदलायचं नाही, बॅटरी नाही. हे सगळं साहित्य नळकामाच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

---

पागकरी

नळीला माझा विरोध नाही, पण गढूळ खाडीत पाण्याच्या वरच्या थरात गोडं पाणी असतं, विशेषतः ऑक्टोबरात, पावसानंतर. बोयला ते चालतं, समुद्रातल्या तारलीला नाही. आणि जागा बदलताना नळी पाण्यात ओढत नेऊ नका. उचलून बादलीत उभी करा आणि मग वल्हवा.

---

वल्हवती

मान्य. म्हणून मी नांगरलेल्या कयाकसाठीच म्हटलं. जागा बदलत फिरणाऱ्याला बादलीच.

---

गरीवाला

आता गरी लावण्याविषयी, कारण सगळं करून शेवटी आमिष चुकीच्या जागी टोचलं जातं.

चार-पाच इंची बोयला ४/० सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी), कोळंबीला १/० किंवा २/०. कयाक वाहवत किंवा हळू वल्हवत असाल तर फक्त वरच्या ओठातून, नाकपुड्यांच्या पुढून. दोन्ही ओठ शिवले तर तोंड मिटतं, कल्ल्यांतून पाणी जात नाही आणि मासा गुदमरतो. नांगरून बोंडाखाली (तरंगणाऱ्या फुग्याखाली) सोडायचा असेल तर पाठीच्या पराच्या किंचित पुढे, कातडीखाली पाच मिलिमीटर, कण्याच्या वरून. गरी कण्याला लागली की तो तिथेच थरथरतो आणि संपतो. शेपटीजवळ टोचलं तर मासा आपल्यापासून लांब पोहत जातो, खडकाच्या कपारीपाशी आमिष पाठवायला हे उपयोगी. कोळंबीच्या डोक्यात शिंगाखाली जो गडद ठिपका दिसतो तो टाळून, त्याच्या पुढून आडवी गरी.

टोचल्यावर गरीचं टोक आणि वाकडेपणातली मोकळी जागा पूर्ण उघडी दिसली पाहिजे. सर्कल हुकला ती मोकळी जागाच काम करते. मासा लागला की झटका द्यायचा नाही, हे सगळ्यांत अवघड. झटका दिला की गरी तोंडातून सरळ बाहेर येते. दोरा ताणू द्या, रॉड वाकू द्या, मग सावकाश रीळ फिरवा. गरी जबड्याच्या कोपऱ्यात बसते आणि सोडायचा मासा जिवंत सोडता येतो.

लीडर (गरीलगतचा जाड दोरा) पन्नास पौंडी फ्लुरोकार्बन, साडेतीन-चार फूट. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण वस्तऱ्यासारखं असतं, तीस पौंडी लीडर एका घासणीत जातो. मुख्य दोरा तीस पौंडी ब्रेड (विणलेला), चार हजारी रीळ. ड्रॅग (रीळ ज्या ताणाला दोरा सोडू लागतं तो) तीन किलोच ठेवा. किनाऱ्यावर चार चालला असता, पण कयाकवर जास्त ड्रॅग म्हणजे मासा तुम्हालाच खडकाकडे ओढणार. सुरमईची शक्यता असलेल्या मोकळ्या पाण्यात सहा इंच वायर लागतेच, खाडीच्या तोंडाशी नको.

ओढत नेताना आमिष पंचवीस मीटर मागे आणि वेग ताशी दोन किलोमीटरच्या आत. आमिष गिरकी घेतंय का ते सुरुवातीला कयाकच्या शेजारी धरून बघा. गिरकी घेत असेल तर एकतर वेग जास्त आहे किंवा गरी मधोमध नाही. गिरकी घेणाऱ्या बोयला कोणी विचारत नाही, उलट दोऱ्याला पीळ पडतो.

---

निवांत_नऱ्हे

ताजी मेलेली बोय लावली तर? पुण्यातून बर्फात नेता येईल. किंवा खडकवासल्यातले, नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानातले छोटे मासे जिवंत नेता येतील का?

---

पागकरी

मेलेलं आमिष चालतं, पण त्यावर शिंगाळे आणि पाकटं जास्त येतात, कारण ते वासावर खातात. जिताडा आणि तांब हालचालीवर येतात. शिंगाळ्याच्या पराच्या आणि पाठीच्या काट्याने कयाकवर हात फाटला तर पुढचा दिवस गेला. त्याला हाताने धरूच नका, पक्कडने गरी सोडवा.

गोड्या पाण्यातले मासे खाऱ्यात टाकले की बहुतेक काही मिनिटांत जातात. चिलापी तग धरते, पण म्हणूनच ती अजिबात नेऊ नका. हा परदेशी मासा आपल्या धरणांत आधीच माजलाय, गरीवरून सुटून खाडीतही राहील. आमिष जिथलं तिथेच पकडा आणि उरलेलं तिथेच सोडा.

---

मुळशीकर

पुण्यापासूनच्या प्रवासाचं. छतावर दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर फोम, कयाक उलटी. पट्टे साधे, बकलवाले. रॅचेट पट्टे फार आवळले जातात आणि उन्हात प्लास्टिक मऊ झालं की बुडाला खोलगट खड्डा पडतो. तो पडलाच तर घरी उन्हात उलटी ठेवली की बहुतेक वेळा आपोआप निघतो. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात फडफडून आवाज करत नाही. पुढचं टोक बॉनेटखालच्या हुकला दोरीने बांधा. ताम्हिणीच्या वळणांवर आडवा वारा आणि समोरून एसटी आली की नुसते दोन पट्टे पुरत नाहीत. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा, ते पहिल्या टप्प्यात सैल होतात. छताचा भार गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो पट्ट्यांच्या वजनासकट धरायचा.

समुद्रात जाण्याआधी पालटलेल्या कयाकवर परत चढणं शांत पाण्यात शिका, जिथे उतरायला परवानगी आहे अशा ठिकाणी, सोबत एकजण ठेवून. लाइफ जॅकेट घालून, कयाक उलटी करून: बुडाच्या पलीकडची कड पकडा, स्वतःकडे ओढून सरळ करा, मग पाय पाण्यावर आडवे आणून लाथा मारत पोटावर चढा, मग उलटून बसा. दहापैकी दहा वेळा जमलं पाहिजे. हे न जमणाऱ्याने बोयच्या मागे लागू नये. परवानगी नसलेल्या धरणात हे करू नका, दंड वेगळा आणि जीव वेगळा.

---

खाडीकाठ

नांगराबद्दल. दीड किलोचा घडीचा चार नखांचा पुरतो, दोर सहा मिलिमीटर, खोलीच्या चौपट. पाच मीटर पाण्यात वीस मीटर आणि वर भरतीचा फरक. रायगडच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक रत्नागिरी-सिंधुदुर्गपेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे इकडे दोर अपुरा पडण्याची चूक जास्त होते. नांगर नेहमी कयाकच्या टोकाला बांधलेला हवा, सरकत्या कप्पीच्या दोरीने. बाजूला बांधला आणि पाण्याची ओढ वाढली की कयाक आडवी होते आणि त्या बाजूने पाणी चढतं.

खडकाळ जागी नांगर अडकतो. त्यासाठी दोर वरच्या कडीला न बांधता खालच्या टोकाला बांधा आणि वरच्या कडीला फक्त एका प्लास्टिक टायने अडकवा. अडकला की जोरात ओढा. टाय तुटतो, ओढ खालून बसते आणि नांगर मागच्या मागे सुटतो. जास्तीचे पाच-सहा टाय खिशात. आणि दोराचं मोकळं टोक तरंगणाऱ्या बोंडाला जोडलेलं ठेवा, म्हणजे मोठा मासा लागला किंवा बोट आली तर नांगर सोडून निघता येतं.

डोल जाळ्यांपासून खूप लांब. खाडीच्या तोंडाशी खुंट रोवून जाळ्यांची तोंडं ओढीच्या दिशेला उघडी ठेवलेली असतात. ओहोटीत कयाक वाहत जाऊन खुंटाला आडवी लागली तर पाणी तिला दाबून धरतं, माणूस सुटत नाही. झेंडे, बोंडं दिसली की ओढीच्या खालच्या बाजूने वळसा घालायचा, वरून नाही. कोळ्यांच्या बोंडांना कयाक बांधणं तर कधीच नाही. उतरण्याआधी गावातल्या कोळीबांधवांना विचारा, जाळी कुठे आहेत ते तेच नेमकं सांगतात. दिघीच्या बाजूला जहाजांची वाट आणि जंजिऱ्याकडच्या होड्यांची वाट मोकळी सोडा.

---

वल्हवती

अंगावर असायच्या गोष्टी: लाइफ जॅकेट कसलेलं, शिट्टी त्यालाच बांधलेली, छातीवर बोथट टोकाची सुरी, वल्ह्याला दोरी, वॉटरप्रूफ पिशवीत फोन. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही साठवून ठेवा. ओळखपत्रही. समुद्रसाप गरीला आला तर दोरा कापा, गरी सोडवायला जाऊ नका. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण पंचेचाळीस अंश, अर्धा तास ते दीड तास पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. थर्मासमध्ये गरम पाणी गाडीत ठेवणं म्हणून उपयोगी.

वाळूला लागताना लाटा फुटत असतील तर फुटण्याच्या पट्ट्याबाहेर थांबून रॉड आडवे करून बांधा. उभे रॉड पालटताना तुटतात आणि गऱ्या तुमच्याकडे येतात. बादली रिकामी करा. कयाक लाटेला काटकोनात, आडवी झाली की पालटलीच.

---

गरीवाला

एक विनंती. जिताडा आधी नर असतो आणि मोठा होऊन मादी होतो. रत्नागिरीकडे त्याला खजुरा म्हणतात. म्हणजे जे मोठे मासे आपल्याला फोटोत हवे असतात त्या बहुतेक माद्या, पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी अंडी घालणाऱ्या. मोठा सोडा, मधला ठेवा. फार लहानही नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेत, जाण्याआधी ती यादी नजरेखालून घाला. सोडताना त्याला पाण्यात आडवा धरून कल्ले चालू झाले की मगच हात काढा.

---

निवांत_नऱ्हे

सगळं उतरवून घेतलं. कोजागिरीला जोडून सुट्टी आहे, तेव्हा दिवेआगरला चालेल का? नाहीतर दिवाळीत?

---

मतलई

दोन्ही नको. कोजागिरी पौर्णिमा, लक्ष्मीपूजन अमावास्या, दोन्ही उधाणं. भरती सव्वाअकराच्या आसपास, पहाटे सुकती, आणि भरती धरून बसलात तर परतायच्या वेळी खारा वारा आणि उतरतं पाणी दोन्ही एकदम. कार्तिकी एकादशी बघा. ११ × पाऊण = सव्वाआठ. घरी एकादशी पाळत असाल तर आदल्या दिवशीची दशमी धरा, भरती साडेसातला.

पुण्याहून रात्री गाडी चालवत येऊन तसेच पाण्यात उतरू नका, आदल्या दुपारी पोचून मुक्काम करा आणि अंधार पडायच्या आत काठावरून जाळी कुठे आहेत ते बघून ठेवा. पहाटे सहाला पाग, पावणेसातला दहा बोय बादलीत, सातला पाण्यात, दहाला गरी वर. बाटली आदल्या रात्रीच मुक्कामाच्या ठिकाणी फ्रीजरमध्ये टाकायला सांगा.